वीस मिनिटांत बुद्ध्यांक सांगणारी ऑनलाइन चाचणी

तीस प्रश्न, वीस मिनिटे आणि अखेरीस बुद्ध्यांकाचा एक आकडा, असे या चाचणीचे स्वरूप आहे. नऊ चौकटींपैकी आठ भरलेल्या असतात आणि नववीत काय बसेल, हे सहा पर्यायांतून ओळखायचे असते. जॉन रेव्हन यांनी 1930च्या दशकात विकसित केलेला हा प्रकार मानसशास्त्रात आजही वापरला जातो. इथल्या आकृत्याही नेटक्या आहेत, आणि शेवटच्या पाच-सहांनी मला चांगलेच अडवले. तक्रार आहे ती निकालाबद्दल.

माझा बुद्ध्यांक 127 निघाला. शंका आली म्हणून दुसऱ्या दिवशी प्रश्न न वाचताच उत्तरे देत गेलो, तर तो 112 निघाला! सहा पर्यायांतून डोळे झाकून निवड केली, तर तीसपैकी सरासरी पाचच उत्तरे बरोबर येतात. प्रमाणित चाचण्यांत सरासरी 100 धरलेली असते आणि सुमारे दोन तृतीयांश लोक 85 ते 115 यांच्या दरम्यान येतात. तेव्हा पाच बरोबर उत्तरांवर सरासरीच्या वर जाता येत असेल, तर हे मोजमाप नव्हे, ग्राहकाला खूश ठेवणे आहे. तुलना कोणत्या वयोगटाशी केली, याचा सशुल्क अहवालातही उल्लेख नाही.

त्याहून खटकला तो अहवालातील ‘आपली एकूण बुद्धिमत्ता’ हा शब्दप्रयोग. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट स्टर्नबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रेल्वे स्थानकावरील, सुपरमार्केटमधील आणि ग्रंथालयातील सामान्य लोकांना बुद्धिमान वागणे म्हणजे काय, असे विचारले होते. त्यांच्या उत्तरांतून व्यवहारातील अडचणी सोडवणे, भाषेवरील पकड आणि माणसांशी वागण्याची समज असे तीन घटक पुढे आले. आपणही हुशार, धोरणी, समंजस, चलाख हे शब्द एकमेकांच्या जागी वापरत नाही. (‘शहाणा’ तर कोणत्या सुरात म्हटले, यावर अर्थ ठरतो.) या चाचणीत भाषेचा किंवा माणसांचा एकही प्रश्न नाही. तरीही माझा आकडा ऐकताच घरातील सर्वांनी, अगदी माझ्या व्यवहारज्ञानाची रोज थट्टा करणाऱ्यांनीही, तो विनातक्रार मान्य केला.

आकृत्यांच्या कोड्यांची आवड असल्यास विनामूल्य भाग जरूर सोडवावा, अहवालासाठी पैसे भरू नयेत. मुलांना मात्र ही चाचणी देऊ नये. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी 1905 साली पहिली बुद्धिमत्ता चाचणी तयार केली, ती शाळेत जादा मदतीची गरज असलेली मुले ओळखण्यासाठी. इथे निकालाखाली तो मित्रांना पाठवण्याचे बटण आहे.