हुकमाची राणी बाहेर: फिनेस घ्यावा की वरून पाडावी?

ब्रिजचा डाव. चार इस्पिकचं कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे इस्पिक हुकूम आणि दहा हात करायची बोली. डमीत (पार्टनरच्या उघड्या पानांत) राजा-सत्ती-छक्की-चौकी, तुमच्या हातात एक्का-गुलाम-दश्शी-नव्वी-दुर्री. राजा खेळलात, दोघांनी बारीक पानं दिली. डमीतून पुन्हा इस्पिक, उजवीकडच्याने पुन्हा बारीक टाकलं. आता गुलाम (फिनेस: राणी उजवीकडे आहे असं धरून) की एक्का (वरून पाडणं: राणी डावीकडे एकटी उरलीय असं धरून)?

टेबलावर याचं उत्तर तोंडपाठ असतं: तुमची आणि डमीची मिळून हुकमाची आठ पानं असतील तर फिनेस, नऊ असतील तर वरून पाडा. आठांचं खरंच तसं आहे. तिथे फिनेस निम्म्या वेळा तरी लागतो. पाडायला गेलात तर राणी तीनदा खेळून जेमतेम एकदा पडते. नऊ पानांचा नियम मात्र उगाच मिरवला जातो. या डावात एक्का 52 टक्के, गुलाम 48. डावीकडच्याचं एक इस्पिक दिसलंय, म्हणून त्याच्याकडे 12 अनोळखी पानं. उजवीकडच्याची दोन दिसली, म्हणून त्याच्याकडे 11. राणीला डावीकडे एक जागा जास्त, बस्स.

ही एका पानाची आघाडी बिडिंगमधल्या (खेळाआधीच्या बोलींमधल्या) एका बोलीने पुसली जाते. समजा डावीकडच्याने सुरुवातीलाच तीन बदाम म्हटले होते, म्हणजे आपल्याकडे बदाम भरपूर असल्याचं सांगितलं होतं. त्याच्याकडे सात बदाम धरा. तुमचे आणि डमीचे मिळून चार, म्हणजे उजवीकडे दोनच. आता मोजा: डावीकडे अनोळखी जागा 5, उजवीकडे 9. इथे एक्का खेळणारा नियम पाळतो आणि कॉन्ट्रॅक्ट घालवतो. (मेंढीकोटातून आलेल्यांचा हात तसाही आपसूक एक्क्याकडे जातो.)

चुकलात तर पुढची उतारी कोणाकडे जाते, हे तर टक्क्यांत दिसतच नाही. गुलाम चुकला तर राणीचा हात डावीकडचा करतो. एक्का चुकला तर राणी उजवीकडे उरते. तुमच्याकडे चौकटचा राजा-तिर्री आणि डमीत नुसती बारीक पानं असतील, तर डावीकडून आलेली चौकट चालते, कारण शेवटचं पान तुमचं. उजवीकडून आली आणि एक्का डावीकडे बसलेला असला, तर राजा सापडलाच. अशा डावात बिडिंगमध्ये कोणी काही बोललं नसलं तरी मी गुलामच घालतो.

यातलं काहीच हाताशी नसेल तर एक्का. राणी उजवीकडे निघाली तर पार्टनरला 52 टक्के समजावू नका, निदान पुढची पानं वाटून होईपर्यंत.