स्कोडा कायलॅक: चालवणाऱ्याच्या बाजूने झुकलेली गाडी

चार मीटरपेक्षा कमी लांबी आणि १२०० सीसीपर्यंतचे पेट्रोल इंजिन असेल तर आपल्याकडे मोटारीवर कमी कर लागतो, म्हणून छोट्या एसयूव्हींच्या वर्गातील बहुतेक गाड्या चार मीटरच्या अलीकडे अगदी काठावर येऊन थांबतात. स्कोडाची कायलॅकही त्याला अपवाद नाही. तिची लांबी ३९९५ मिलिमीटर आणि इंजिन ९९९ सीसीचे आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये ७.८९ लाख रुपये या एक्स-शोरूम किमतीपासून ती बाजारात आली आणि पुण्याजवळच्या चाकण येथील कारखान्यात ती तयार होते. तिच्या खालचा ढाचा स्कोडाच्याच मोठ्या कुशाक या गाडीचा आहे, फक्त कुशाकचा २६५१ मिलिमीटरचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर) येथे २५६६ वर आणला आहे आणि मागच्या टोकाला कात्री लावली आहे. बाजूने पाहिल्यास ही काटछाट जाणवते, परंतु मागचा भाग उगाच उतरता न ठेवता सरळ चौकोनी ठेवल्यामुळे गाडी खुजी दिसत नाही, आणि डिकीत चांगली जागाही उरली आहे.

ही गाडी पसंत पडणार की नाही, हे बव्हंशी घेणारा माणूस कोणत्या आसनावर बसणार यावर ठरेल, असे माझे मत आहे. कारण कंपनीने आपला खर्च इंजिन, सस्पेन्शन, पुढची आसने आणि सुरक्षितता यांवर केलेला दिसतो, आणि शोरूममध्ये ग्राहकाला भुरळ घालणाऱ्या अनेक गोष्टींना हात आखडता घेतला आहे.

इंजिन तीन सिलिंडरचे टर्बो पेट्रोल, म्हणजे जादा हवा आत ढकलून शक्ती वाढवणारे आहे. ११५ पीएस शक्ती आणि १७८ न्यूटन मीटर टॉर्क (चाके फिरवण्याचा जोर) हे आकडे कागदावर फार मोठे वाटत नाहीत, पण या आकाराच्या गाडीला ते पुरून उरतात. सोबत सहा गिअरचा मॅन्युअल किंवा सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर (तेलाच्या माध्यमातून जोर पोचवणारा) ऑटोमॅटिक मिळतो. वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला चढताना या इंजिनाचा गुण आणि दोष दोन्ही एकाच वळणावर कळतात. एसटीच्या मागे वेग मंदावला, तिसरा गिअर तसाच राहिला आणि इंजिनाचे फेरे मिनिटाला दीड हजाराच्या खाली गेले, की ॲक्सिलरेटर दाबूनही क्षणभर काहीच घडत नाही. टर्बोला दम येईपर्यंत गाडी नुसती थांबल्यासारखी वाटते. तेथेच दुसरा गिअर टाकला आणि फेरे दोन हजारांकडे गेले, की तीच गाडी चार माणसे आणि सामान घेऊन चढावर अशी उचल खाते की पुढच्या वळणाआधी ओव्हरटेक पूर्ण झालेला असतो. पूर्ण टॉर्क १७५० फेऱ्यांपासून उपलब्ध होतो, हे कंपनीच्या पत्रकातले वाक्य घाटात प्रत्यक्ष हाताला आणि पायाला जाणवते. ज्यांना साध्या नॅचरली ॲस्पिरेटेड, म्हणजे टर्बो नसलेल्या, इंजिनाची सवय आहे आणि गिअर कमी बदलण्याकडे ज्यांचा कल आहे, त्यांनी मॅन्युअलच्या भानगडीत न पडता ऑटोमॅटिकच घ्यावी. टॉर्क कन्व्हर्टर असल्यामुळे तिला मॅन्युअल गिअरच यंत्राने बदलणाऱ्या स्वस्त एएमटी गाड्यांसारखे हिसके बसत नाहीत, आणि शहरातल्या रेंगाळत्या वाहतुकीत टर्बोची ती क्षणभराची सुस्तीही ती बऱ्यापैकी झाकून टाकते.

इंजिन सुरू झाल्यावर आणि सिग्नलवर उभे असताना तीन सिलिंडरची किंचित थरथर जाणवते. वेग घेतला की ती नाहीशी होते. महामार्गावर शंभरच्या वेगाने जाताना मात्र ही गाडी आपल्या किमतीच्या बरीच पुढची वाटते. स्टिअरिंग शहरात हलके असूनही वेगात पोकळ होत नाही, लेन बदलताना गाडी डोलत नाही, आणि एखादी लाट आलेली डांबरी पट्टी ओलांडल्यावर ती एका झटक्यात पुन्हा स्थिर होते. याची किंमत कमी वेगात मोजावी लागते. सस्पेन्शन थोडे कडक आहे. पेव्हर ब्लॉक उखडलेल्या गल्लीत किंवा रंगाच्या जाड पट्ट्यांच्या रम्बलरवर आतल्या माणसांना, विशेषतः मागे बसलेल्यांना, रस्त्याची इत्थंभूत माहिती मिळत राहते. ग्राउंड क्लिअरन्स १८९ मिलिमीटर असल्याने नियमबाह्य उंचीच्या गतिरोधकांवरही पोट घासण्याची धास्ती मात्र राहत नाही.

ॲव्हरेजबाबत अपेक्षा माफक ठेवाव्यात. मॅन्युअलला लिटरमागे १९.६८ आणि ऑटोमॅटिकला १९.०५ किलोमीटर हे प्रमाणित आकडे आहेत. पुण्यासारख्या शहरात अकरा-बाराच्या आसपास आणि महामार्गावर संयमाने चालवल्यास सोळा-सतराच्या पुढे, हे अधिक व्यवहार्य गणित आहे. टर्बो इंजिनाचे ॲव्हरेज चालवणाऱ्याच्या उजव्या पायावर फार अवलंबून असते, आणि ही गाडी त्या पायाला सतत चिथावणी देते. शिवाय येथे सीएनजी नाही, डिझेल नाही, विजेवर चालणारी आवृत्तीही नाही. रोजचे अंतर मोठे असणाऱ्याने या सर्व पर्यायांत मिळणारी टाटाची नेक्सॉन आधी पाहावी, हे प्रांजळपणे सांगायला हवे.

आतील बाजूस पुढची आसने हा या गाडीचा सर्वांत मोठा गुण आहे. मांडीला आणि कमरेला मिळणारा आधार लांबच्या प्रवासात कळतो, आणि सर्वांत वरच्या प्रेस्टिज आवृत्तीत चालक व सहप्रवासी अशा दोन्ही आसनांना विजेवर सहा प्रकारे हलण्याची आणि हवा खेळवण्याची सोय आहे. मे महिन्याच्या दुपारी पाठीला घाम न येणे ही चैन आहे असे म्हणणाऱ्याने ती एकदा अनुभवावी. डॅशबोर्डवरचे प्लास्टिक बहुतांशी कडक आहे, पण जोडकाम घट्ट आहे, आणि दार बंद होतानाचा जड आवाज ऐकून वडीलधारी मंडळी समाधानाने मान हलवतात. वरच्या आवृत्त्यांतील १०.१ इंचांचा पडदा चटपटीत आहे.

खटकते ती त्याखालची एसीची स्पर्शाने चालणारी पट्टी. तापमान कमी-जास्त करण्यासाठी बोट कोठे टेकवायचे हे पाहायला दर वेळी नजर रस्त्यावरून खाली न्यावी लागते, आणि रस्ता खराब असेल तर बोट भलतीकडेच टेकते. एक साधी गोल खुंटी येथे अधिक शहाणपणाची ठरली असती. या रचनेमागे सौंदर्यदृष्टीपलीकडे कोणते कारण असावे, हे मला उमगलेले नाही.

मागच्या आसनावर दोन मोठी माणसे आणि मधे एक मूल, एवढीच खरी बैठक समजावी. गुडघ्यांना जागा पुरेशी आहे, परंतु तिघांचे खांदे एकमेकांना लागतात आणि मधल्याच्या पायाशी उंचवटा येतो. घरात पाच मोठी माणसे असतील आणि गाडी नेहमी भरलेलीच निघणार असेल, तर त्या सर्वांना सोबत नेऊनच चाचणीफेरी घ्यावी. डिकी मात्र उदार आहे. कंपनी ४४६ लिटर हा आकडा देते, आणि कडा चौकोनी असल्यामुळे बॅगा उभ्या-आडव्या नीट बसतात.

सुरक्षिततेच्या बाबतीत कायलॅकने भेदभाव केलेला नाही, आणि स्वस्त आवृत्ती घेणाऱ्यांसाठी ही सर्वांत महत्त्वाची बाब आहे. सहा एअरबॅग, इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) आणि पाचही जणांना तीन बिंदूंचे पट्टे हे सर्व अगदी तळाच्या क्लासिक आवृत्तीपासून आहे. भारत एनकॅप या धडक-चाचणीत तिला पाच तारे मिळाले. प्रौढांच्या सुरक्षिततेत ३२ पैकी ३०.८८ आणि मुलांच्या सुरक्षिततेत ४९ पैकी ४५ गुण. मागच्या चाकांना मात्र डिस्कऐवजी ड्रम ब्रेकच आहेत. नेहमीच्या वापरात ते कमी पडत नाहीत, तरी गाडीचा स्वभाव पाहता येथे काटकसर करायला नको होती. ३६० अंशांचा कॅमेरा आणि चालकाला साहाय्य करणारी एडास यंत्रणाही नाही, आणि छतावरची उघडणारी काच (सनरूफ) छोटी आहे. नाशिकला तयार होणाऱ्या महिंद्राच्या एक्सयूव्ही ३एक्सओमध्ये एडास आणि मोठे पॅनोरमिक सनरूफ दोन्ही मिळतात, त्यामुळे यादी समोर ठेवून तुलना करणाऱ्याला कायलॅक मागे वाटणे साहजिक आहे.

आवृत्ती निवडताना थोडे थांबून हिशेब करावा. बाजारात आली तेव्हा क्लासिक ७.८९ लाख, त्यावरची सिग्नेचर ९.५९ लाख आणि सर्वांत वरची ऑटोमॅटिक प्रेस्टिज १४.४० लाख अशी रचना होती. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान गाड्यांवरील जीएसटी १८ टक्क्यांवर आल्याने या किमती खाली आल्या. तरीही महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के आणि त्यापुढे वीस लाखांपर्यंत १२ टक्के आरटीओ कर भरावा लागतो आणि विमा वेगळा, म्हणून जाहिरातीतला आकडा आणि ऑन-रोड आकडा यांत दीड-दोन लाखांचे अंतर गृहीत धरूनच शोरूमची पायरी चढावी. क्लासिकमध्ये इंजिन आणि सुरक्षितता पूर्ण मिळते, पण टचस्क्रीन नाही. ती बाहेरून बसवून घेण्याची तयारी असेल तर एवढ्या पैशांत असे इंजिन दुसरीकडे क्वचितच मिळेल. एकच गाडी घरी ठेवणाऱ्या कुटुंबाने सिग्नेचर घ्यावी, आणि रोज शहरात चालवायची असेल तर तीच ऑटोमॅटिकमध्ये. प्रेस्टिजच्या किमतीत कुशाकच्या खालच्या आवृत्त्या येतात, मागच्या आसनावर अधिक ऐसपैस जागा घेऊन. हवेशीर आसनांचा मोह आवरत नसेल तरच प्रेस्टिजपर्यंत जावे.