उन्हाळ्याआधीची एसी सर्व्हिस आणि आमच्या घरात न भरलेला गॅस

सोलापुरात होळी जवळ आली की एसीवाल्यांचे भाव वधारतात. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 वर जाणार हे ठरलेलंच असतं. त्यात नळाला पाणी रोज येत नाही, मग कूलरच्या टाकीत बादल्या ओतायच्या कशा? म्हणून अगदी साध्या घरांतूनही आता एसी आलेत. सगळ्यांना सर्व्हिस एकाच वेळी हवी असते, चांगले मेकॅनिक आठ-आठ दिवस हाती लागत नाहीत, आणि ही मधली जागा भामटे बरोबर हेरतात.

आमचं घर विजापूर रोडला. आई-अप्पांच्या खोलीत दीड टनाचा इन्व्हर्टर एसी आहे. त्याला काहीही झालेलं नव्हतं, गार हवा व्यवस्थित येत होती. फक्त उन्हाळ्याआधी धुऊन घ्यावा म्हणून अप्पांनी नेटवर कंपनीचं नाव आणि ‘सोलापूर’ टाकलं, सगळ्यात वर आलेल्या नंबरावर फोन केला. हिंदी बोलणाऱ्या मुलीने ‘कस्टमर केअर’ म्हणून उचलला, 399 रुपये सांगितले, आणि तासाभरात मोटारसायकलवर दोन पोरं दारात हजर. मार्चमध्ये तासाभरात! कंपनीच्या खऱ्या सेंटरला विचारा, ते पुढच्या आठवड्याची तारीख देतात.

मी कामावर होतो. घरी जे झालं ते आईनं आणि अप्पांनी नंतर बारकाईनं सांगितलं.

जाळ्या काढून नळाखाली धरल्या, झालं धुणं. पाण्याचा पंप नाही, इनडोअरखाली बांधायची पिशवी नाही. लगेच एक जण गच्चीवर बाहेरच्या युनिटपाशी गेला, गॅसचा दाब मोजणाऱ्या गेजची निळी नळी लावली आणि अप्पांना हाक मारली. “काका, काटा बघा. 40 वर आलाय, 130 पाहिजे. असाच चालवला तर कॉम्प्रेसर जाणार. पंधरा-वीस हजाराला बसेल.”

इथे डाव असा असतो. नळीचा नट अर्धवटच फिरवायचा. मग व्हॉल्व्हमधली पिन नीट दाबली जात नाही आणि काटा हवा तिथे थांबवता येतो. खरंच 40 वर काटा असता तर आतल्या कॉइलवर बर्फ धरला असता, खोली गार झालीच नसती. पण पंच्याहत्तरीच्या माणसाला उन्हात उभं करून कॉम्प्रेसरची भीती घातल्यावर हे कोण आठवणार?

मग गॅस ‘भरला’. छोटा सिलिंडर अप्पांच्याच हातात धरायला दिला. अप्पा म्हणाले, “धरला होता की मी, कोमटच होता.” मला यातच सगळं कळलं. सिलिंडरमधून गॅस खरोखर निघाला की तो इतका गारठतो की बाहेरून दव धरतं, हात फार वेळ ठेववत नाही. सिलिंडर उन्हानं कोमटच राहिला, म्हणजे आतून फारसं काही निघालंच नाही.

पुढचा घाला पीसीबीवर, म्हणजे एसी चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कार्डावर होता. ‘कार्ड वीक आहे, वर्कशॉपला नेऊन दुरुस्त करून आणतो.’ आई उठून आडवी उभी राहिली : मुलगा आल्याशिवाय इथला एक स्क्रूही हलवायचा नाही. म्हणून पीसीबी वाचला. नाहीतर तो नेऊन परत देण्यासाठी वेगळे पैसे मागणं हा या लोकांचा नेहमीचा धंदा आहे.

बिल 6,299 रुपयांचं. गॅस 3,800, ‘कॉम्प्रेसर कपॅसिटर’ 1,650, ‘लीक टेस्टिंग’ 450 आणि वर ते 399. लीक टेस्टिंगचे पैसे घेतले, पण लीक कुठे होता ते बिलावर नाही, तोंडी नाही. वर कंपनीचा रंगीत लोगो, खाली जीएसटी नंबर नाही. पैसे यूपीआयवर गेले ते कुणा बाईच्या वैयक्तिक खात्यात.

अक्कलकोट रोडला दुकान असलेला आमच्या ओळखीचा मेकॅनिक दोन दिवसांनी आला. बिल वाचून त्याला हसूच आलं. “अहो, इन्व्हर्टरच्या कॉम्प्रेसरला कुठला आलाय कपॅसिटर? तो पीसीबीवर चालतोय की!” म्हणजे मशीनमध्ये जी वस्तूच नाही ती बदलल्याचे 1,650. त्यानं दोन्ही पाइपांचे नट बघितले, साबणाचा फेस लावला. बुडबुडा नाही, तेलाचा डागही नाही. गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेलही थोडं बाहेर येतं, त्यामुळे गळतीच्या जागी बहुतेक वेळा चिकट काळपट डाग दिसतो. मग त्यानं जेट पंपानं आतली कॉइल, ब्लोअर आणि बाहेरच्या युनिटच्या पट्ट्या धुतल्या. जे घाण पाणी निघालं ते बघून आई म्हणाली, ते दोघं मग धुवून काय गेले होते?

बाहेरच्या पट्ट्यांबद्दल तो जे बोलला ते आपल्या गावाला जास्त लागू आहे. पूर्व भागात कारखान्यांच्या आसपास कापसाची तूस उडते, ती त्या पट्ट्यांत अडकून नमदा होतो. उष्णता बाहेर पडत नाही, खोली गार होत नाही, आणि पहिलं निदान ठोकलं जातं ‘गॅस संपला’. धुतलं की बऱ्याचदा काम भागतं.

एसीतला गॅस स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा वापरून संपत नाही. बंद नळ्यांत तोच तोच फिरतो. कमी झाला तर तो कुठूनतरी गळाला, आणि गळती न बुजवता भरलेला गॅस पुन्हा जाणारच. ‘दरवर्षी थोडा टॉप-अप करावा लागतो’ म्हणणाऱ्याला आधी गळतीची जागा दाखवायला सांगा. बाहेरच्या युनिटच्या स्टिकरवर कोणता गॅस आणि किती किलो ते छापलेलं असतं. आमच्याकडे आर-32 आहे. पूर्ण गॅस भरायचा असेल तर आधी व्हॅक्यूम पंपानं नळ्यांतली हवा ओढून घेतात आणि सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून तेवढाच गॅस सोडतात. वजनकाटा नाही, पंप नाही, तर पैसे कशाचे? त्यात आर-32 पेट घेऊ शकतो, असल्या हातांनी त्याच्याशी खेळ नको.

कॉम्प्रेसरची भीतीही पोकळच होती. वॉरंटी कार्ड काढून बघितलं तर आमच्या कॉम्प्रेसरची वॉरंटी अजून शिल्लक आहे. कंपनीच्या खऱ्या नंबरावर मशीनचा सीरियल नंबर दिला, त्यांच्याकडे आमची तक्रार नोंदलेलीच नव्हती. खरा नंबर वॉरंटी कार्डावर आणि मशीनच्या स्टिकरवरच असतो.

मी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, 1930 वर तक्रार केली, व्यवहाराचा क्रमांक आणि स्क्रीनशॉट दिला. ग्राहक हेल्पलाइन 1915 वरही नोंदवलं. पैसे अजून आलेले नाहीत. 1930 ला जितक्या लवकर फोन तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त, आणि आमचे दोन दिवस गेले होते.

परवा तोच नंबर नेटवर वॉटर प्युरिफायरच्या दुसऱ्याच एका कंपनीच्या नावाखाली दिसला. लावून बघितला. आवाज त्याच मुलीचा. “सोलापुरात ऑफिस कुठंय?” विचारल्यावर “सात रस्ता” म्हणाली. “सात रस्त्याला नेमकं कुठं?” म्हटल्यावर फोन कट.