घरी जोडायचं लॅप स्टील किट: लाकूड उत्तम, पण तीन वस्तू आधी बदला

मांडीवर आडवी ठेवून, तारांवर धातूचा बार सरकवत वाजवायची गिटार म्हणजे लॅप स्टील. तिचं सहा तारांचं, 572 मिमी म्हणजे साडेबावीस इंच स्केलचं (वाजणाऱ्या तारेच्या लांबीचं) हे किट घ्यावं का, याचं उत्तर हो आहे. फक्त खोक्यातल्या तारा, नट (डोक्याकडे तारा टेकतात ती पट्टी) आणि बार तसेच ठेवून त्यावर मत बनवू नका. लाकूड आणि धातूचं सामान लॅप स्टीलला साजेसं आहे. या तीन वस्तू मात्र साध्या इलेक्ट्रिक गिटारच्या हिशेबाने दिलेल्या आहेत, आणि वाद्य बिघडतं ते तिथेच.

खोक्यात एकसंध फळीतून कापलेली, 40 मिमी जाडीची बॉडी असते. डोक्याकडे खुंट्यांसाठी तीन-तीन भोकं, मागे पिकअप (तारांचं कंपन विजेत बदलणारा भाग) आणि पॉट (आवाजाची फिरवायची बटणं) यांच्यासाठी खाचे. सोबत हार्डटेल ब्रिज (तारांचं दुसरं टोक धरणारा, न हलणारा), एक हंबकर पिकअप, 500 के चे दोन पॉट, जॅक, प्लास्टिकचा नट, फ्रेटच्या म्हणजे सुरांच्या जागांच्या रेघा छापलेली पट्टी, पोकळ बार आणि 10-46 चा तारांचा सेट (आकडे तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात). लॅप स्टीलला वेगळी मान नसते, त्यामुळे जोड सुटणं, मान वाकणं, ट्रस रॉड (मानेतली सळई) पिळणं हे प्रश्न इथे उद्भवतच नाहीत. पहिल्यांदा वाद्य बनवणाऱ्यासाठी यापेक्षा सोपी सुरुवात नाही. 1932 साली बाजारात आलेलं रिकनबॅकरचं 'फ्राइंग पॅन' ओतीव ॲल्युमिनियमचं होतं आणि दिव्यांच्या उष्णतेने त्याचे सूर सरकायचे. लाकडी बॉडीला ती डोकेदुखी नाही.

आता तारा. 10-46 चा सेट साडेपंचवीस इंची गिटारसाठी असतो. स्केल साडेबावीसवर आली की त्याच सुरासाठी तारेची ओढ सुमारे 22 टक्क्यांनी कमी होते. त्यात ओपन डी (मोकळ्या तारांवरच डी मेजर वाजणारी जुळणी) लावायचं म्हणजे पहिली तार ई वरून डी वर उतरते. मग 10 नंबरच्या त्या तारेवर जेमतेम साडेचार किलोची ओढ उरते. बार ठेवला की तार खाली दबते, सूर चढतो, आणि व्हायब्रॅटो करताना (बार हलवून सूर थरथरवताना) तार बारखाली खुळखुळते. बिचाऱ्या नवशिक्याला वाटतं, आपलाच हात कच्चा आहे. 16 नंबरच्या तारेवर तीच ओढ साडेअकरा किलोच्या आसपास जाते आणि बार तिच्यावर नीट बसतो. ओपन डी साठी (खालून वर डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी) 56, 46, 36, गुंडाळलेली 26, साधी 20 आणि साधी 16 असा संच लावा. सहा तारांची मिळून ओढ साठ किलोच्या थोडी वर जाते, आणि 40 मिमीची फळी ती आरामात पेलते. सी सिक्स्थ ही दुसरी जुळणी लावणार असाल तर त्यासाठीचा तयार सेट घ्या. हा संच तिथे चालणार नाही.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो नटला. गिटारमध्ये तार फ्रेटवर दाबली जाते, म्हणून तिथे तारांची खालची बाजू महत्त्वाची. लॅप स्टीलमध्ये बार वरून टेकतो, म्हणून सगळ्या तारांचे माथे एका पातळीत हवेत. किटच्या नटला सगळ्या खाचा एकाच खोलीच्या आहेत. 56 आणि 16 नंबरच्या तारांच्या जाडीत एक मिमीचा फरक असतो. त्यामुळे बार सहाव्या आणि पहिल्या तारेवर तिरका टेकतो, आणि मधल्या तारा त्या रेषेपेक्षा 0.1 ते 0.15 मिमी खाली राहतात. आकडा किरकोळ दिसतो, पण नेमकी तिसरी-चौथी तार खरखरते ती यामुळेच. मग माणूस बार जोरात दाबतो आणि सूर आणखी बिघडतात.

उपाय असा: 3 मिमी जाडीच्या पितळी पट्टीचा नवा नट करा. ॲल्युमिनियम चालतं, पण ते मऊ असल्याने गुंडाळलेल्या तारा त्यात चर पाडतात. किटच्या नटवर तारांमधलं अंतर जेमतेम 7 मिमी आहे, ब्रिजवर मात्र 10 च्या वर. नव्या नटवर ते 9 मिमी ठेवा. बार तिरका धरून दोन सुरांची जोडी काढायची असते तेव्हा हा फरक हाताला लगेच कळतो. खाचा बारीक गोल कानशीने घासा, सहावी पहिलीपेक्षा एक मिमी खोल. तार अर्धी खाचेत बसली की पुरे. खाचेचा तळ खुंट्यांकडे किंचित उतरता हवा. तो उलटा राहिला तर तार नटच्या मागच्या कडेवर टेकते आणि मोकळी वाजवताना सतारीसारखी झणझणते. तारा चढवून त्यांच्यावर स्टीलची पट्टी आडवी ठेवा आणि मागे बॅटरी धरा. पट्टी आणि तार यांच्यामधून उजेड दिसला की शेजारच्या खाचा अजून घासायच्या आहेत. ब्रिजकडे हे काम सोपं आहे, तिथे ॲलन कीने सॅडल (प्रत्येक तार टेकते ते छोटे तुकडे) खालीवर होतात. फ्रेटच्या पट्टीपासून तारांचे माथे 10 ते 12 मिमी वर ठेवा.

सॅडल पुढेमागे करत बसू नका. तार दाबून ताणली जात नाही, त्यामुळे इथे तारेच्या लांबीत भरपाई करण्याची गरज जवळपास नाहीच. सगळे सॅडल एका सरळ रेषेत ठेवा.

फ्रेटच्या पट्टीची छपाई बरोबर आहे, पण ती कापलेली नेमकी नाही. नटच्या टोकाला दीड-दोन मिमी जादा कागद राहतो, आणि तो तसाच नटला भिडवून चिकटवला की सगळ्या रेघा सरकतात. बाराव्या रेघेपाशी 1 मिमीची चूक म्हणजे 6 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). दोन मिमी चुकलं तर डोळा एक सांगणार आणि कान दुसरं. म्हणून नटच्या ब्रिजकडच्या कडेपासून मोजा: पहिली रेघ 32.1 मिमी, पाचवी 143.4, सातवी 190.1, बारावी 285.75. पट्टी जुळली की ब्रिजची जागा ठरवा, बाराव्या रेघेपासून पुन्हा तेवढ्याच अंतरावर. चिकटवण्याआधी एक तार चढवून बाराव्या रेघेवर हार्मोनिक (तारेला नुसतं बोट शिवून निघणारा सूर) वाजवून पाहा. तो सर्वांत खणखणीत जिथे वाजतो, तिथेच रेघ हवी.

ब्रिजच्या स्क्रूसाठी आधी 2.5 मिमीचं भोक पाडा आणि स्क्रूला मेण लावा. लाकूड मऊ आहे, स्क्रू काढघाल केला की आटे मरतात. म्हणून सगळी जुळणी एकदा कोरडी करून पाहा, मग सामान उतरवून 120, 180, 240 आणि 320 नंबरचा पॉलिश पेपर मारा आणि शेवटी शेलॅक. रंगाचा जाड थर देऊ नका, ब्रिजखाली तो दबून तडकतो.

वायरिंगच्या कागदावर एक मोठी उणीव आहे: ब्रिजची अर्थिंग दाखवलेलीच नाही. पॉटच्या खाचेतून ब्रिजखाली 3 मिमीचं तिरकं भोक पाडून उघडी वायर ब्रिजखाली दाबा आणि तिचं दुसरं टोक पॉटच्या पाठीला डाखा. मल्टिमीटरवर ब्रिज आणि जॅकची बाहेरची बाजू यांच्यात एक ओहमपेक्षा कमी दिसलं पाहिजे. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर अर्थिंग लागली. काहीच फरक पडला नाही तर ती वायर कुठेतरी सुटली आहे. पॉटची पाठ आधी पॉलिश पेपरने खरवडा आणि 40 वॉट किंवा त्याहून मोठी डाख द्यायची (सोल्डरिंगची) इस्त्री वापरा. 25 वॉटची तिथे तापत नाही, डाख मळकट, दाणेदार बसतो आणि महिन्याभरात सुटतो. पिकअप मात्र चांगला आहे, बदलायची गरज नाही. तारांपासून तो 3 मिमी खाली ठेवा.

राहिला बार. किटमधली पोकळ नळी इतकी हलकी आहे की जाड तारांवर ती थरथरते. 19 मिमी व्यासाचा, 76 मिमी लांबीचा भरीव स्टेनलेस बार साधारण 170 ग्रॅम भरतो आणि स्वतःच्या वजनाने टेकतो, दाबावा लागत नाही. बोटांची पकड घसरत असेल तर दोन्ही बाजूंना खोबण असलेला बार घ्या. टोकावर नख फिरवून पाहा. बारीकशी खरवड जरी लागली तरी ती गुंडाळलेल्या तारेवर ऐकू येते, असा बार परत करा.

सुतारकाम अजिबात न केलेल्याने नटचं काम कानस चालवणाऱ्या कुणाकडून करून घ्यावं. बाकीची जोडणी दोन सुट्ट्यांमध्ये आरामात होते. नव्या तारा पहिले दोन दिवस उतरत राहतात, तेव्हा लगेच खुंट्यांना दोष देऊ नका. प्रत्येक तार मध्यभागी धरून हलकेच वर ओढा, पुन्हा सुरात आणा, असं चार-पाच वेळा करा. त्यानंतरही एखादी तार उतरतच राहिली, तर त्या खुंटीच्या डोक्यावरचा छोटा स्क्रू पाव फेरा घट्ट करा.