सामायिक सेवांचा खर्च: तरतूद, वर्गणी की वापरानुसार दर?

एकाच आवारात चार-पाच कार्यालये असली की पहारेकरी, सफाई, लिफ्ट, जनरेटर, डेटा एन्ट्री ऑपरेटर, एखाद-दुसरी गाडी हे सगळे एकत्र ठेवावे, यावर कुणाचे दुमत नसते. दुमत होते ते पहिले बिल आल्यावर. कोल्हापुरात नागाळा पार्कातली जिल्हा परिषद आणि तिच्या १२ पंचायत समित्या असोत, महापालिका आणि तिची चार विभागीय कार्यालये असोत किंवा एका इमारतीत बसवलेली राज्य शासनाची खाती असोत, वाटा तीनच आहेत: एकाच्या अंदाजपत्रकात पूर्ण तरतूद, सगळ्यांची ठरलेली वर्गणी, किंवा वापराप्रमाणे दर. फिरता निधी ही चौथी वाट म्हणून सांगितली जाते. खरे तर ती तिसऱ्या वाटेने आलेले पैसे साठवायची जागा आहे.

पैसा कुणाच्या खिशात पडतो

हे आधी पाहावे, कारण अर्धे पर्याय इथेच गळतात. राज्य शासनाच्या कार्यालयाने शेजारच्या कार्यालयाकडून घेतलेली रक्कम ही शासनाची जमा. राज्यघटनेच्या अनुच्छेद २६६ प्रमाणे ती एकत्रित निधीत जाते आणि विधिमंडळाच्या मंजुरीशिवाय तिथून बाहेर येत नाही. म्हणजे 'प्रत्येकाकडून महिन्याला १० हजार घेऊ, बँकेत खाते उघडू आणि त्यातून पहारेकऱ्यांचे बिल भागवू' हा बेत कितीही सोयीचा वाटला तरी शेवटी लेखापरीक्षणाच्या आक्षेपातच निघतो. राज्य कार्यालयांना मोकळे मार्ग दोन. प्रत्येक आहरण व संवितरण अधिकाऱ्याने (कार्यालयाच्या वतीने पैसे काढून बिले भागवणाऱ्याने) आपला हिस्सा कंत्राटदाराला थेट द्यायचा, नाहीतर एकाने सगळे भरून इतरांचा हिस्सा पुस्तकी समायोजनाने, म्हणजे रोख न घेता हिशेबातल्या नोंदीने, आपल्या लेखाशीर्षाला वळता करून घ्यायचा. दुसऱ्यात एक खाच आहे: यजमान कार्यालयाला तरतूद वसुली वजा न करता पूर्ण रकमेचीच हवी. २४ लाखांपैकी १५ लाख वसूल होणार म्हणून ९ लाखच मागितले, तर महिना २ लाखांच्या खर्चाने ऑगस्टातच पैसे संपतात आणि समायोजन होते मार्चमध्ये. स्वीय प्रपंजी खात्याची (अधिकाऱ्याच्या नावाने कोषागारात पैसे ठेवायच्या खात्याची) वाटही कुणीतरी सुचवतेच. त्याला वित्त विभागाची मान्यता लागते, आणि अशा खात्यांत पैसा पडून राहतो हा महालेखापालांच्या अहवालांतला जुना आक्षेप आहे. चार पहारेकऱ्यांसाठी त्या वाटेला जाऊ नये.

महापालिकेचे (१९४९ चा अधिनियम) आणि जिल्हा परिषदेचे (१९६१ चा अधिनियम) तसे नाही. त्यांचा निधी त्यांचाच असतो. विभागाने विभागाला लावलेले बिल म्हणजे एकाच खिशातली वाटणी, आणि ती अंतर्गत आदेशाने करता येते. केएमटी, म्हणजे महापालिकेची बससेवा, मात्र याला अपवाद. परिवहन उपक्रमाचा निधी आणि अंदाजपत्रक कायद्यानेच वेगळे आहे. महापालिकेच्या संगणक विभागाने केएमटीची पगारपत्रके केली तर त्याची किंमत खरोखर एका निधीतून दुसऱ्यात जायला हवी, नाहीतर दोन्हीकडचे हिशेब खोटे दिसतात. योजनांच्या पैशाचेही तसेच: मार्गदर्शक सूचनांत प्रशासकीय खर्चाची जी मर्यादा असेल, त्यापलीकडे सामायिक खर्चाचा हिस्सा त्या योजनेवर टाकता येत नाही.

पूर्ण तरतूद: सोपी, म्हणून निम्म्या सेवांना पुरेशी

एक कंत्राट, एक बिल, एक अधिकारी. ताळमेळ नाही, थकबाकी नाही. पहारेकरी, लिफ्टची देखभाल, आवाराची सफाई या सेवा घेणारा ठरवूनही कमी वापरू शकत नाही. तुमचे कार्यालय चार वाजता रिकामे झाले म्हणून गेटवरचा माणूस अर्धा होत नाही. जिथे वापर आवरण्याची सोयच नाही, तिथे मोजमापावर घालवलेला वेळ वाया जातो.

त्रास दोन ठिकाणी होतो. एक, बीम्सवर (राज्याच्या ऑनलाइन निधीवाटप प्रणालीवर) यजमानाला तरतुदीपैकी काही टक्केच निधी मिळाला तर कपात सगळ्यांना भोगावी लागते, आणि बाकीच्यांकडे त्याच उद्दिष्टाखाली (अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या बाबीखाली) पैसे शिल्लक असूनही ते मदत करू शकत नाहीत. दोन, ज्या सेवेचा वापर वाढवता येतो ती फुकट दिली की मागणीला अंत राहत नाही. कॅनडाने २०११ मध्ये ४३ खात्यांच्या ईमेल, डेटा सेंटर आणि नेटवर्क सेवा एका संस्थेकडे दिल्या, आणि त्या खात्यांच्या अंदाजपत्रकांतला पैसाही तिच्याकडे वळवला. पुढे खात्यांची गरज वाढत गेली, पण वळवलेली रक्कम जुन्या वापरावर बेतलेली होती. आपल्याकडे हेच छोट्या प्रमाणात झेरॉक्सच्या टोनरवर होते.

वर्गणी: सगळा वाद निकषाचा

समजा एका इमारतीचा सामायिक खर्च वर्षाला २४ लाख आहे आणि चार कार्यालये आहेत.

| कार्यालय | जागा (चौ. फूट) | कर्मचारी | जागेप्रमाणे हिस्सा | संख्येप्रमाणे हिस्सा |
|---|---|---|---|---|
| अ | ४,००० | ६० | ९.६ लाख | ७.२ लाख |
| ब | २,५०० | ७० | ६.० लाख | ८.४ लाख |
| क | २,००० | ४० | ४.८ लाख | ४.८ लाख |
| ड | १,५०० | ३० | ३.६ लाख | ३.६ लाख |

क आणि ड बैठकीत गप्प बसतील. अ आणि ब यांच्यात २.४ लाखांचे भांडण आहे. दोघांचेही म्हणणे बरोबर असते, कारण सफाईचा खर्च जागेवर चढतो आणि पिण्याचे पाणी, हजेरी यंत्र, आवक-जावक हा खर्च माणसांवर. म्हणून एकच निकष सगळ्या खर्चाला लावू नये. अमेरिकेच्या परदेशांतल्या वकिलातींत १९९८ पासून हीच पद्धत आहे: एका छताखाली बसणारी वेगवेगळी खाती प्रत्येक सेवेचा हिस्सा त्या सेवेच्या कामाच्या मोजणीवर भरतात, जागेची सेवा जागेवर आणि पगाराची सेवा माणसांवर. इथे तीन निकष पुरतात. सहा केले की वर्षाची मोजणी हेच एका कारकुनाचे काम होऊन बसते.

निकषाचे आकडे १ एप्रिलला गोठवावेत आणि वर्षभर बदलू नयेत. मंजूर पदे घ्यायची की भरलेली, हे आदेशातच लिहावे. रिक्त पदे भरपूर असलेले कार्यालय भरलेल्या पदांचा आग्रह धरते, आणि कंत्राटी माणसे मात्र मोजणीत सांगत नाही. रेकॉर्ड रूम जागेत धरायची का, हाही असाच एक प्रश्न. धरावी. कुलूप लावलेली खोलीही झाडावी लागते, आणि धरली की जुनी दप्तरे निकाली काढायचा उत्साह आपोआप येतो.

वर्गणीचे दुखणे शिरोळ तालुक्यातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. अनेक सहकारी पाणीपुरवठा संस्थांची पट्टी एकरावर असते, उपसलेल्या पाण्यावर नसते. पट्टी भरली की जादा पाळी फुकटच, आणि अति पाण्याने क्षारपड झालेली जमीन समोर दिसतेच. गाडी, छपाई, वातानुकूलन यांची वर्गणी लावली की नेमके हेच घडते.

वापरानुसार दर: मोजता येते तिथेच, आणि दोन भागांत

गाडीचे उदाहरण घेऊ. चालक, विमा, ठरावीक देखभाल धरून स्थिर खर्च वर्षाला ४.८ लाख, आणि इंधन-टायरचा चल खर्च किलोमीटरला ९ रुपये समजा. २०,००० किलोमीटरच्या अंदाजावर दर येतो २४ अधिक ९, म्हणजे ३३ रुपये. प्रत्यक्षात गाडी १२,००० किलोमीटरच धावली, तर वसुली ३.९६ लाख, खर्च ५.८८ लाख, खड्डा १.९२ लाखांचा. पुढच्या वर्षी दर ठरतो ४९ रुपये. तो पाहून दोन कार्यालये बाहेरून गाडी भाड्याने घेतात, किलोमीटर आणखी घटतात, दर आणखी चढतो. सामायिक सेवा बंद पडतात त्या बहुतेक अशा, कुणी बंद न करता.

उपाय महावितरणच्या बिलावर छापलेला आहे: स्थिर आकार वेगळा, वीज आकार वेगळा. ४.८ लाख म्हणजे महिन्याला ४० हजार. चार कार्यालयांनी गाडी वापरली-न वापरली तरी १०-१० हजारांचा हिस्सा मान्य करायचा, आणि किलोमीटरला फक्त ९ रुपये. बाहेरच्या गाडीशी तुलना करताना मग कार्यालयप्रमुख ९ रुपयेच पाहतो, आणि तीच तुलना योग्य आहे, कारण स्थिर खर्च तर होऊनच गेलेला असतो. हिस्सा सोडायचा असेल तर सहा महिन्यांची पूर्वसूचना, तीही १ एप्रिलपासूनच लागू, हे कलम नसेल तर या सगळ्याला अर्थ नाही.

दर ऑगस्टअखेर कळवावेत. अंदाजपत्रके वर गेल्यावर कळवलेला दर कितीही रास्त असला तरी त्यासाठी कुणाकडे तरतूद नसते.

फिरता निधी आणि शिल्लक

दराने वसुली करणाऱ्याला यंत्र जुने झाल्यावर नवे घ्यायला पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न दरवर्षी ३१ मार्चला उभा राहतो. न वापरलेली तरतूद व्यपगत होते, म्हणजे पुढच्या वर्षी वापरता येत नाही. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने सहा खात्यांत असे निधी प्रायोगिक तत्त्वावर सुरू केले तेव्हा वर्षाच्या उत्पन्नाच्या कमाल ४ टक्के रक्कम यंत्रसामग्रीसाठी राखून ठेवायची मुभा दिली. त्या अटीतले शहाणपण मर्यादेत आहे: शिल्लक वाढू दिली की दर गरजेपेक्षा चढे राहतात. महापालिकेच्या वर्कशॉपसारख्या ठिकाणी असा निधी सभेच्या ठरावाने, कमाल मर्यादा घालून करता येईल. राज्य कार्यालयांनी मात्र हा पर्याय सोडून यंत्रांसाठी वेगळी तरतूद मागावी.

बिलात काय अडते

'सामायिक खर्च, एकूण रुपये अमुक' असे एका ओळीचे बिल पाठवले की ते परत येणार. पहारा आणि सफाई कंत्राटी सेवांच्या उद्दिष्टावर, वीज-पाणी-दूरध्वनी वेगळ्या, टोनर संगणक खर्चावर, असे तुकडे बिलातच हवेत. पैसे देणाऱ्याकडे तरतूद त्या-त्या उद्दिष्टाखालीच असते.

कंत्राटदाराला चौघांनी वेगवेगळे पैसे देण्याचा मार्ग घेतला, तर जीएसटीची उद्गम कपात (टीडीएस) ठरलेली ठेवा. अडीच लाखांवरच्या कंत्राटावर २ टक्के कपात लागते आणि ती कंत्राटाच्या किमतीवर ठरते. आपला हिस्सा ८० हजारच आहे म्हणून कपात नको, असे एखादे कार्यालय हटकून म्हणते. शक्य तिथे पैसे देणारा एकच ठेवावा. शासन किंवा स्थानिक संस्थेने दुसऱ्या शासकीय वा स्थानिक संस्थेला दिलेल्या सेवेवर जीएसटी बहुतांशी माफ आहे (अधिसूचना १२/२०१७, नोंद ८), पण प्रवासी व माल वाहतूक त्या नोंदीतून वगळलेली आहे. सामायिक गाडी दुसऱ्या संस्थेला देताना हे आधी तपासून घ्यावे.

पूर ही कोल्हापूरची स्वतंत्र अडचण. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे निघाली की गाड्या आणि जनरेटर दराने वाटले जात नाहीत, आदेशाने वळवले जातात. त्या दिवसांचे किलोमीटर आणि डिझेल वेगळ्या नोंदवहीत ठेवून आपत्तीच्या निधीकडे मागावे. नाहीतर ते सरासरीत मिसळतात आणि पुढच्या वर्षीचा दर विनाकारण फुगतो.

निर्णय होत नसेल तर एप्रिल ते सप्टेंबर वसुली न करता नुसती दाखल्यापुरती बिले काढावीत, वर्गणीने किती झाले असते आणि दराने किती, दोन्ही रकाने शेजारी ठेवून. खर्च बारा रुपये आणि मोजणी आठ रुपये अशी एखादी सेवा त्यात निघतेच. ती तरतुदीतच ठेवावी. गाडीच्या लॉगबुकात 'कुणाच्या कामासाठी' हा रकाना पहिल्या दिवसापासून भरून घ्यावा, कारण सप्टेंबरात मागे जाऊन तो भरता येत नाही.