बेळगावच्या टिळकवाडीतला कार्टून-लेखनाचा वर्ग : पाया पक्का, निर्मिती कच्ची

कल्पना, आराखडा, पटकथा, स्टोरीबोर्ड (प्रसंगांची ओळीनं काढलेली कच्ची चित्रं), ॲनिमॅटिक (तीच चित्रं आवाजासह वेळेत बसवलेला कच्चा व्हिडिओ) हा क्रम इथे नीट घोटून घेतात. ११ मिनिटांच्या भागाची पटकथा १५-१८ पानांची होते, कारण कॅमेरा, हावभाव, आदळआपट सगळं लेखकालाच लिहावं लागतं. नवखे फक्त संवाद लिहितात आणि मग स्टोरीबोर्डवर पात्रं नुसती उभी राहतात.

हिशेबाचा तास सर्वांत उत्तम. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर ११ मिनिटांत १६,५०० फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम टिकवलं तरी ८,२५० चित्रं! म्हणून गर्दीचा प्रसंग लिहिताना हात आखडता घ्यायचा. आवाज आधी, ओठांची हालचाल नंतर, हेही बजावतात. "काय करूलालास?" असं बेळगावी बोलणं मात्र शिक्षक कापून 'शुद्ध' करतात. पात्राचा जीवच जातो की तिथं.

निर्माता व्हायचं असेल तर निराशा होईल. बजेट, वेळापत्रक, वाहिनीशी करार यांना जेमतेम एक तास. ॲनिमॅटिक मंजूर झाल्यावर केलेली दुरुस्ती खर्च का वाढवते, हे तर राहूनच जातं.