वर्डप्रेसवर आप्पांच्या ग्राफांची वेबसाइट : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. तीत आप्पांनी चाळीस वर्षांत काढलेले चादरींचे ग्राफ आहेत. सोलापूरच्या पूर्व भागात जेकार्डच्या मागावर चादर निघायची ती अशी: आधी नक्षी चौकटींच्या कागदावर रंगवायची, त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, मग ती कार्डं ओळीने दोऱ्यात ओवून मागावर चढवायची. बाण्याच्या एका धाग्याला एक कार्ड. ग्राफ काढायचं काम आप्पांचं. आता नक्षी संगणकावर होते आणि हे कागद कुणी मागत नाही. मागच्या पावसाळ्यात ओल लागून त्यातले सहा-सात एकमेकांना चिकटले, तेव्हा मला राहवेना.

आधी मी फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले. सगळ्यांनी हात जोडले आणि चार दिवसांत ते लग्नपत्रिकांच्या खाली गेले. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, त्या आठवड्यात मी डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव-पत्ता, घेतलं आणि वेबसाइट बनवायचं वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर बसवलं. मी सूत व्यापाऱ्याकडे हिशेब लिहिते. संगणक म्हणजे टॅली आणि एक्सेल, त्यापलीकडे काही येत नव्हतं. त्यामुळे हा अनुभव माझ्यासारख्यांसाठीच आहे.

सुरुवातीलाच एक गोंधळ होतो, तो सांगते. वर्डप्रेस डॉट कॉम ही जागेसकट मिळणारी सेवा आहे. वर्डप्रेस डॉट ऑर्गवर मिळतं ते नुसतं सॉफ्टवेअर. ते फुकट आहे, मुक्त परवान्याचं आहे, कुठल्याही सर्व्हरवर न्या, बदला, वाटा. २००३ साली मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी आधीचं एक बंद पडत चाललेलं सॉफ्टवेअर घेऊन ते पुढे नेलं. मी दुसरा रस्ता धरला: सॉफ्टवेअर फुकट, पण डोमेन आणि होस्टिंगचे, म्हणजे वेबसाइट ठेवायच्या भाड्याच्या जागेचे, पैसे माझे. हे पैसे लागतात हे आधीच धरून चाला. पहिल्या वर्षाचा भाव स्वस्त असतो आणि नूतनीकरणाला तो जवळजवळ दुप्पट होतो. माझ्या होस्टिंगवाल्यांनी ही गोष्ट पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत लिहिली होती.

बसवणं खरंच सोपं आहे. डेटाबेसचं नाव, पासवर्ड, वेबसाइटचं नाव दिलं की पाच-दहा मिनिटांत पाटी लागते. भाषेत मराठी निवडता येते. मी निवडली, आणि आप्पांना पडद्यावरचा मजकूर वाचता आला, म्हणून तशीच ठेवली. प्लगिनांचे, म्हणजे वरून जोडायच्या जास्तीच्या सोयींचे, पडदे मात्र बरेचदा इंग्रजीतच राहतात.

माझा जास्तीत जास्त वेळ गेला तो देवनागरीवर. मी ट्वेंटी ट्वेंटी-फोर ही थीम, म्हणजे वेबसाइटचा तयार साचा, घेतली. दिसायला नीटनेटकी आहे, पण तिच्या फॉन्टांमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. मग ज्याच्या फोनमध्ये जे अक्षर असेल ते दिसतं. माझ्या फोनवर एक, भावाच्या लॅपटॉपवर दुसरंच. ६.५ या आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्येच फॉन्ट उतरवून घेण्याची सोय आली आहे, आणि फॉन्ट आपल्याच सर्व्हरवर राहतो. मजकुराला मी मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्यांचा मुक्ता लावला आणि मथळ्यांना टिरो देवनागरी मराठी. त्यात ल आणि श मराठी वळणाचे आहेत. आप्पांनी ग्राफांच्या कडेला हाताने लिहिलेली नावं आणि वरचा मथळा एका घरचे वाटायला लागले. मग ओळींमधलं अंतर वाढवावं लागलं. इंग्रजीच्या हिशेबाने ठेवलेल्या अंतरात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर आदळतो.

दुसरी गोष्ट पत्त्याची. शीर्षक मराठीत लिहिलं की वर्डप्रेस पानाचा पत्ताही त्यावरूनच बनवतं. पण आत साठवताना देवनागरीच्या एकेका चिन्हाला नऊ जागा लागतात, काना-मात्रा वेगळ्या मोजून, आणि एकूण मर्यादा २०० जागांची. ‘मोराच्या जोडीची चादर आणि तिचा ग्राफ’ या पानाचा पत्ता ‘आणि’वरच तुटला. पुढे ‘मोराच्या जोडीची चादर आणि तिचे रंग’ लिहिलं तर तोही तिथेच तुटला आणि शेवटी नुसता २ चिकटला. शिवाय हे दुवे व्हॉट्सॲपवर पाठवले की टक्क्याची चिन्हं आणि आकड्यांची लांबलचक माळ होते. मावशीला वाटलं, फसवणुकीची लिंक आली. आता मी शीर्षक मराठीत ठेवते आणि पत्ता रोमन अक्षरांत दोन-तीन शब्दांचा हाताने लिहिते. प्रसिद्ध करण्याआधीच हे करा. नंतर पत्ता बदलला तर आधी वाटलेले दुवे कधी आपोआप नव्या पत्त्यावर जातात, पण त्यावर विसंबून राहू नये.

फोटोंनी मला रडवलं. ग्राफचा सगळा जीव त्या बारीक चौकटींत. २५६० पिक्सेलपेक्षा मोठा फोटो चढवला की वर्डप्रेस पानावर त्याची लहान केलेली प्रत लावतं. मूळ फोटो सर्व्हरवर असतो, पण बघणाऱ्याला तो मिळत नाही. मोराच्या पिसाऱ्यात चौकटी एकमेकींत मिसळून नुसता निळा डाग दिसत होता. आप्पा चष्मा वर करून बघत राहिले आणि म्हणाले, “बाळ, ह्याच्यावरून कार्ड पंच करता यायचं नाही.” ते वाक्य मी कसोटी म्हणून धरलं. आता प्रत्येक ग्राफचे चार तुकडे करते, चारही त्या मर्यादेच्या आत, आणि गॅलरीत ओळीने लावते. एका ग्राफला दीड तास जातो. नळाला पाणी येतं त्या दिवशी हे काम होत नाही, म्हणून महिन्याला पाच ग्राफ एवढाच वेग आहे.

ब्लॉकचा संपादक, म्हणजे पान लिहायचा पडदा, जो ५.० या आवृत्तीपासून आला, तो आप्पांना माझ्याआधी समजला. परिच्छेद एक ब्लॉक, चित्र एक ब्लॉक, वरखाली सरकवता येतात. त्यांनी विचारलं, “एक चुकला तर सगळी माळ उतरवावी लागते का?” नाही म्हटल्यावर त्यांना फार बरं वाटलं. कार्डांची माळ उतरवण्यात त्यांचे अख्खे दिवस गेलेत.

तीन महिने गूगलवर आमचं एकही पान दिसत नव्हतं. मला वाटलं, नवी वेबसाइट, वेळ लागत असेल. खरं कारण सेटिंग्जमधल्या वाचनाच्या पानावर होतं: शोधयंत्रांनी ही वेबसाइट नोंदवू नये, अशी खूण बसवतानाच माझ्याकडून लागली होती. कच्चं काम कुणी बघू नये म्हणून लावली आणि काढायची राहिली. ज्यांनी नुकतं सुरू केलंय त्यांनी वाचणं थांबवून आधी ती खूण बघावी.

प्लगिन कमी ठेवा. मी हौसेने चौदा घातले होते. गड्ड्याच्या यात्रेला बाहेरगावचे पाहुणे आले होते, त्यांना दाखवायला वेबसाइट उघडली तर पान पांढरं आणि त्यावर गंभीर त्रुटीची एक ओळ. आदल्या रात्री एक प्लगिन अद्ययावत केलं होतं. अशा वेळी वर्डप्रेस मालकाच्या ईमेलवर दुरुस्तीचा दुवा पाठवतं. माझ्याकडे तो स्पॅममध्ये पडला होता. शेवटी होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये जाऊन त्या प्लगिनच्या फोल्डरचं नाव बदललं, आणि वेबसाइट परत आली. आज चारच प्लगिन आहेत: स्पॅम अडवणारं, बॅकअपचं, संपर्काच्या अर्जाचं आणि दोन भाषांचं. आमच्या घरात तेलुगू बोलतात, आणि आप्पांच्या बऱ्याच आठवणी तेलुगूतच निघतात. वर्डप्रेसमध्ये मुळातच दोन भाषांची सोय असायला हवी होती असं मला मनापासून वाटतं. ती नाही, प्लगिन घ्यावंच लागतं.

बॅकअपबद्दलही एक गैरसमज होता. वर्डप्रेसच्या ‘साधनं’ या यादीतली ‘निर्यात’ केली की सगळं आलं, असं मी धरून चालले होते. त्या फाइलमध्ये मजकूर येतो, चित्रांचे फक्त पत्ते येतात. चित्रं वेगळी उतरवावी लागतात. माझ्या कामात तर चित्रं हीच मुद्दल. आता दर अमावास्येला डेटाबेस आणि अपलोडचं सगळं फोल्डर पेनड्राइव्हवर घेते. तिथी ठरवली की विसरायला होत नाही.

एवढं सगळं करून मी वर्डप्रेसवरच आहे, आणि राहणार. फाल्गुनात भिवंडीहून एका मुलीचा संदेश आला. तिच्या आजीच्या ट्रंकेत आमच्या मोराची चादर आहे, तिने काठाचा फोटो पाठवला. आप्पांनी काठ बघून सांगितलं की ही दुसऱ्या खेपेची, पहिल्या खेपेत पिसाऱ्यातले डोळे सातच होते. ते मी त्याच रात्री त्या पानावर घातलं, कुणाला न विचारता, आणि तिचा फोटो तिच्या परवानगीने त्याखाली लावला.

श्रावणात होस्टिंगचं नूतनीकरण आहे आणि त्या दुप्पट भावाने मी ते करणार नाही. गेल्या रविवारी पेनड्राइव्हवरच्या प्रतीवरून घरच्या लॅपटॉपवर सगळी वेबसाइट उभी करून बघितली. एकेचाळीस ग्राफ, चौकटींसकट, जसेच्या तसे उघडले. आता नवी जागा बघते आहे. पेटीत अजून साठेक कागद आहेत, आणि चिकटलेले ते सहा-सात आप्पा वाफ देऊन हळूहळू सोडवताहेत.